धूरनळीचा निवाडा मोजून व्हावा

गेल्या काही वर्षांत मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांतील पोलिसांनी जप्त केलेले कर्णकर्कश सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोलर फिरविल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांतून वारंवार प्रसिद्ध झाली, आणि ती पाहून ज्यांना मनापासून समाधान वाटले अशा असंख्य नागरिकांत मीही आहे. बदलापूरच्या खरवईसारख्या ठिकाणी, जेथे दिवसभर औद्योगिक वसाहतीची घरघर आणि रात्री उशिरापर्यंत लोकलमधून परतणाऱ्यांची वर्दळ असते, तेथे मध्यरात्रीनंतरची दोनचार तासांची शांतता ही चैनीची वस्तू नसून शरीराची गरज असते. अशा वेळी कर्जतच्या रस्त्यावरून एखादी पोकळ नळकांड्याची बुलेट धडाडत गेली म्हणजे आजारी माणूस दचकून उठतो, तान्हे मूल रडू लागते, आणि ज्याची पहाटेची पाळी आहे त्याची मोडलेली झोप पुन्हा लागत नाही. तेव्हा रोलरविषयी माझी तक्रार नाही.

माझी तक्रार आहे ती रोलरपूर्वी जो निवाडा व्हावयास हवा तो होत नाही याविषयी. ज्याने केवळ आवाज वाढावा या हेतूने मूळ सायलेन्सर काढून टाकला तो तरुण, आणि ज्याने आपल्या जुन्या मोटारीच्या इंजिनाला तडकलेल्या बिडाच्या मॅनिफोल्डऐवजी पोलादी नळ्यांचा हेडर, मागचा सायलेन्सर व कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागच्या जागी ठेवून, स्वतःच्या दारात स्वतःच्या हाताने बसविला तो तरुण, हे दोघेही आज अंमलदाराच्या नजरेत एकाच पंक्तीला बसतात. कारण दोघांच्याही वाहनात कारखान्याने न दिलेला एक चकाकता भाग दिसतो, आणि दिसण्यापलीकडे जाऊन तपासण्याची तजवीज कोणी केलेली नाही. अशा बदलाचा निवाडा डोळ्यांनी न करता यंत्राने मोजून करावा, आणि मोजमापात जो उतरेल त्याच्या नोंदणीपुस्तकात तशी नोंद करून त्यास निर्वेधपणे रस्त्यावर जाऊ द्यावे, अशी माझी मागणी आहे.

ज्यांनी इंजिन उघडे पाहिलेले नाही त्यांच्यासाठी हा हेडर काय करतो ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण सारा वाद त्याच्याविषयीच्या अज्ञानावर उभा आहे. चार सिलिंडरांच्या पेट्रोल इंजिनात जळालेला वायू सलग धारेने बाहेर पडत नाही. पिस्टन तळाशी पोहोचण्याच्या किंचित आधी निकासाची झडप उघडते आणि सातआठशे अंश सेल्सिअसच्या घरातील तो वायू एका धक्क्यासरशी बाहेर सुटतो. क्रँकशाफ्टच्या दर अर्ध्या फेऱ्याला असा एक धक्का, आणि बहुतेक इंजिनांत त्या धक्क्यांचा क्रम १-३-४-२ असा. कारखान्यातून येणारा बिडाचा मॅनिफोल्ड आखूड आणि आटोपशीर असतो. तो स्वस्तात ओतता येतो, थोड्या जागेत मावतो, आणि त्याच्या जाड भिंती आवाजही गिळतात, हे त्याचे गुण मान्य केलेच पाहिजेत. परंतु त्याच्या तोकड्या पोटात एका सिलिंडरचा धक्का शेजारच्या सिलिंडरच्या अजून पुरत्या न मिटलेल्या झडपेवर जाऊन आदळतो आणि जो वायू बाहेर जावयाचा तोच काही अंशी आत अडून राहतो. बदलापूर स्थानकाच्या जिन्यावर दोन गाड्यांची गर्दी एकाच वेळी आली म्हणजे जी कोंडी होते, तीच येथे मिनिटाला हजारो वेळा होत असते.

हेडरात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र आणि शक्य तितकी समान लांबीची नळी मिळते. तिच्यातून निघालेली दाबाची लाट जेथे नळ्या एकत्र येतात त्या रुंद तोंडाशी पोहोचली की तेथून विरळ दाबाची लाट उलट दिशेने झडपेकडे परतते, आणि नळीची लांबी नीट साधलेली असेल तर ती अशा क्षणी परतते की सिलिंडरात उरलेला जळका वायू ओढला जातो आणि त्याच्या मागोमाग ताजे मिश्रण आत येते. एक व चार, दोन व तीन अशा जोड्या आधी जुळवून मग त्या दोन नळ्यांची एक केली म्हणजे मधल्या फेऱ्यांत जोर वाढतो. चारही एकदम एकत्र आणल्या म्हणजे वरच्या फेऱ्यांत. आमच्या रस्त्यांवर पहिलाच प्रकार उपयोगी, कारण येथे कोणास वरच्या फेऱ्यांपर्यंत जाण्याची संधीच मिळत नाही. लाभ थोडाच असतो, आणि केवळ हेडर बदलून गाडी वाऱ्याशी स्पर्धा करू लागेल असे सांगणारा विक्रेता असत्य बोलत असतो. पण येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की या सर्व रचनेत आवाज वाढविणे हा हेतूच नाही. आवाज शमविण्याचे काम मागच्या सायलेन्सरचे आहे, विषारी वायू निवळण्याचे काम कन्व्हर्टरचे आहे, आणि ही दोन्ही साधने शाबूत असतील तर पातळ नळ्यांमुळे बॉनेटखाली थोडी अधिक किणकिण ऐकू येईल, त्याहून फार काही नाही.

परदेशी चित्रपटांत दिसणारी, दोन आसनांची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार खरवईच्या रस्त्यावर कधी काळी एखादी दिसली तर दिसते. दिलीप छाब्रिया यांची २०१२ च्या दिल्लीतील प्रदर्शनात प्रकट झालेली ‘अवंती’ ही महाराष्ट्राच्या मातीत रुजलेली तशी एक महत्त्वाकांक्षा. परंतु सामान्य मराठी कुटुंबातील वेगाची हौस पोसली ती निराळ्याच गाड्यांनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली ज्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा पाया घातला तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी फियाट ११०० आणि मग पद्मिनी निघाली, आणि त्याच आवारातून या शतकाच्या आरंभी फियाटची पॅलिओ निघाली, जिच्या १.६ लिटरच्या आवृत्तीला शंभर अश्वशक्तीचे इंजिन होते आणि जिची एक मर्यादित आवृत्ती सचिन तेंडुलकरांच्या नावाने २००२ साली काढण्यात आली. पुढे २०१५ साली फियाटने पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या कारखान्यातून १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंतो बाजारात आणली. ज्या कार्लो अबार्थच्या नावाने ती ओळखली गेली त्याने १९४९ साली इटलीत उद्योग सुरू केला आणि छोट्या फियाट गाड्यांना घरी बसविता येतील असे निकासनळ्यांचे संच विकून तो वाढविला, हा योगायोग माझ्या विषयाला फारच जवळचा आहे. एका राष्ट्राच्या मोटार-उद्योगातील एक नामांकित घराणे ज्या कामावर उभे राहिले ते काम आमच्याकडे पोलिसी कारवाईच्या सावलीत करावे लागते.

फियाटने भारतातील मोटारविक्री बंद केल्यालाही आता काही वर्षे लोटली. गाड्या मात्र उरल्या आहेत, आणि त्यांचे मालक त्यांवर जीव लावून आहेत. अशा गाडीचा मॅनिफोल्ड तडकला म्हणजे काय होते ते मी आमच्याच सोसायटीत जवळून पाहिले. येथील एका तरुणाच्या पॅलिओत सकाळी इंजिन सुरू करताच टिकटिक असा आवाज येई आणि गाडी तापली की तो मंदावे. बीड तापून फुगले की चीर मिटते, निवले की उघडते. त्या चिरेतून आत शिरणारी हवा प्राणवायू मोजणाऱ्या सेन्सरला फसविते, इंजिनाच्या संगणकाला मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचा समज होतो, तो अधिक पेट्रोल सोडतो, आणि गाडी जास्त पिऊन जास्त घाण ओकू लागते. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ स्थिती’ म्हणून कायद्याने जपू पाहतो ती तडकलेली मूळ स्थितीच येथे प्रदूषणाचे कारण होती. नवा मॅनिफोल्ड मिळेना. जुन्या भागांच्या बाजारात जे मिळाले ते तितकेच जीर्ण. उल्हास नदीच्या पुरांनी, विशेषतः ज्या जुलै २०१९ च्या पुरात वांगणी-बदलापूरच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली त्या पुराने, आमच्या भागातील कितीतरी गाड्यांच्या पोटात पाणी शिरले. निकासनळ्यांतील गंज हा त्यानंतर येथील गाडीमालकांच्या नित्य बोलण्याचा विषय झाला आहे.

मग त्या तरुणाने हेडर करवून घेतला तो येथेच, औद्योगिक वसाहतीतील एका लहानशा कारखान्यात, जेथे एरवी रासायनिक कारखान्यांसाठी स्टेनलेसच्या नळ्या आणि टाक्या जोडल्या जातात. ज्या माणसाने आयुष्यभर आम्ल वाहून नेणाऱ्या नळ्यांचे सांधे एका थेंबाचीही गळती न होऊ देता जोडले, त्याला मोटारीच्या चार नळ्या जोडणे म्हणजे काही विशेष नव्हे, असे वाटेल. परंतु त्याने हे काम ज्या गांभीर्याने केले ते पाहण्यासारखे होते. ज्या जाड पट्टीने नळ्या इंजिनाला जोडल्या जातात ती तापून वाकडी होऊ नये म्हणून त्याने ती आधी एका निकामी सिलिंडर हेडला नटांनी आवळून घेतली आणि मगच आर्गन वेल्डिंगला हात घातला. सांध्याची आतली बाजू जळून खरबरीत होऊ नये म्हणून नळीच्या आतूनही आर्गन सोडला. तीनशेचार जातीचे स्टेनलेस साध्या पोलादाच्या सुमारे दीडपट फुगते, म्हणून मागच्या नळीशी जोडताना त्याने मध्ये एक लवचीक जाळीदार तुकडा घालावयास लावले, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात सांधा फाटला असता. अशी विद्या खरवईत, अंबरनाथात, उल्हासनगरच्या गल्ल्यांत विपुल आहे, आणि शासनाच्या दप्तरात तिची कोठे दखल नाही.

बसविण्याचे काम झाले ते इमारतीखालच्या पार्किंगमध्ये. अंबरनाथच्या आयुधनिर्माणीतून निवृत्त झालेले एक फिटर काका शेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि त्यांच्या सूचनेवाचून एकही पाना फिरला नाही. बॅटरीची ऋण तार आधी सुटली. जॅकवर उचललेली गाडी लोखंडी घोड्यांवर टेकविल्याखेरीज त्यांनी मुलाला खाली सरपटू दिले नाही, आणि मागच्या चाकांना विटा लावल्या की नाही ते स्वतः उठून पाहिले. मॅनिफोल्डचे नट हे या सर्व कामातील खरे संकट. शेकडो वेळा लाल होऊन निवलेले ते आठ मिलिमीटरचे स्टड इतके जखडलेले असतात की घाईने जोर केला तर नट सुटण्याऐवजी स्टडच तुटतो, आणि त्याचे बुंध हेडच्या ॲल्युमिनियममध्ये राहिले तर हेड उतरवून लेथवाल्याकडे न्यावे लागते. म्हणून आदल्या रात्री प्रत्येक नटाला गंज सोडविणारे तेल पाजून ठेवले होते. तरीही कोपऱ्यातला एक हलेना. मुलाने पान्याला नळी चढवून लांब दांड्याने जोर करावयास घेतला, तेव्हा काका म्हणाले, “ओढू नकोस रे. आधी किंचित आवळ. गंज मोडला म्हणजे सुटतो तो, जोराने नाही.” त्याने किंचित आवळले, कटकन एक बारीक आवाज झाला, मग पाव फेरा सैल, पुन्हा थोडा आवळून पुन्हा सैल, मध्ये तेलाचा एक थेंब, असे करीत तो नट बोटांनी फिरेपर्यंत बराच वेळ गेला, आणि त्या सर्व वेळात कोणी उतावीळपणा केला नाही.

पुढचे काम त्या मानाने सरळ. हेडच्या तोंडावर पोलादी पट्टी धरून फीलर गेजने ते सपाट असल्याची खात्री केली, जुन्या पॅकिंगचे अवशेष लाकडी खुंटीने खरवडले, नवे पॅकिंग घातले, आणि नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूंकडे, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापापर्यंत आवळले. सेन्सरच्या आट्यांना न चिकटणारा लेप लावताना त्याच्या टोकाला तो लागू दिला नाही. बोटांचे तेलकट ठसे पहिल्या उष्णतेत स्टेनलेसवर कायमचे उमटतात म्हणून नळ्या थिनरने पुसल्या. मग गाडी घोड्यांवरून उतरवून उघड्या आवारात ढकलत नेली आणि तेथेच प्रथम सुरू केली. यावर काकांचा विशेष कटाक्ष होता आणि तो योग्यच होता. कारण जोडणीत फट राहिली असेल तर बंद पार्किंगमध्ये कार्बन मोनॉक्साइड साचतो, ज्याला रंग नाही, वास नाही, आणि जो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक ओढीने चिकटतो. घरी असे काम करू इच्छिणाऱ्या कोणालाही हे एवढे पथ्य पाळणे जमणार नसेल तर त्याने हे काम हाती घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इंजिन निवल्यावर सर्व नट पुन्हा एकदा तपासून आवळले, आणि टिकटिक थांबली.

आता या तरुणाची कायद्यापुढची अवस्था पाहा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ म्हणते की नोंदणीपुस्तकातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. आणि ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतरचे कलम १८२-अ अनधिकृत बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलास पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगते, आणि कलम १९० चे दुसरे पोटकलम ध्वनी व वायू प्रदूषणाच्या मानकांचा भंग करणाऱ्यास पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगते, आणि शिवाय त्यास तीन महिने परवाना बाळगण्यास अपात्र ठरविते. या शिक्षा मला जाचक वाटत नाहीत. परंतु कलम १९० मानकाच्या भंगाविषयी बोलते, आणि मानक म्हणजे आकडा. नऊ आसनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीसाठी उत्पादनाच्या वेळचा तो आकडा ७४ डेसिबल आहे, पावणेदोनशे सीसीहून मोठ्या दुचाकीसाठी ८०. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२० प्रत्येक वाहनास आवाज शमविणारे साधन असावे असे सांगतो. त्या तरुणाच्या गाडीला ते साधन आहे. मग आकड्याचा भंग झाला किंवा नाही हे मोजल्याशिवाय कोणी कसे ठरवावे? माझ्या पाहण्यात तरी रस्त्यावरच्या तपासणीत ध्वनिमापक फारच क्वचित दिसतो. दिसतो तो अंमलदाराचा कान, आणि तोही दिवसभराच्या भोंग्यांनी थकलेला.

यावर कोणी म्हणेल की वाहनाच्या इंजिनाशी संबंधित भाग लोकांनी आपल्या मर्जीने बदलण्याची मुभा देणारी व्यवस्था शासनाला कशी झेपणार? तर अशी व्यवस्था शासन गेली कित्येक वर्षे चालवीत आहे, आणि ती कल्याण-उल्हासनगरच्या रस्त्यांवर रोज धावते आहे. पेट्रोलच्या मोटारीत सीएनजीचा संच मागाहून बसविता येतो. त्या संचाला आधी मान्यताप्राप्त चाचणीसंस्थेचे प्रमाणपत्र लागते, मग तो बसविल्यावर परिवहन कार्यालयात त्याची नोंद होते आणि नोंदणीपुस्तकात इंधनाचा रकाना बदलतो. सुमारे दोनशे बार दाबाचा वायू भरलेले नळकांडे गाडीच्या मागच्या बाजूस ठेवून कुटुंबासह प्रवास करण्यास जे शासन नियमबद्ध परवानगी देते, त्याला निकासाच्या चार नळ्यांचे प्रमाणीकरण अशक्य आहे असे मानता येत नाही. सीएनजी अधिकृत केंद्रातच बसवावा लागतो हे मला ठाऊक आहे, आणि ते योग्यही आहे, कारण तेथे चूक झाली तर तपासणीची वेळ येण्यापूर्वीच अनर्थ होऊ शकतो. हेडरच्या चुकीचे परिणाम आवाज, गळती आणि धूर या तीन रूपांत प्रकटतात, आणि तिन्ही बसविल्यानंतर तपासता येतात.

पुण्याच्या टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, म्हणजे एआरएआय, हेच काम वाहन-उत्पादकांसाठी अहोरात्र करीत असते. तिने हेडरांच्या नमुन्यांची चाचणी करून विशिष्ट इंजिनासाठी विशिष्ट नमुन्यास क्रमांक द्यावा, तो क्रमांक पट्टीवर कोरला जावा, आणि परिवहन निरीक्षकाने तो वाचून, ध्वनिमापक लावून, धूर तपासून नोंदणीपुस्तकात एक ओळ लिहावी. जगात हे अपूर्व नाही. कॅलिफोर्नियाचे वायुसंसाधन मंडळ, ज्याच्याइतके कडक मंडळ क्वचितच असेल, अशा सुट्या भागांची चाचणी घेऊन कार्यकारी आदेशाचा क्रमांक देते, आणि तो क्रमांक असलेला हेडर तेथे बेलाशक वापरता येतो. जर्मनीत मान्यताप्राप्त तपासनीस भाग पाहून कागदपत्रांत त्याची नोंद करवितो. आणि परदेशापर्यंत तरी कशाला जावे? पुण्याच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठातील (पूर्वीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील) आणि मुंबईच्या व्हीजेटीआयमधील विद्यार्थी स्पर्धेसाठी स्वतःच्या शर्यतीच्या गाड्या बांधतात. फॉर्म्युला स्टुडंट प्रकारच्या अशा स्पर्धांच्या नियमांत निकासनळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात ध्वनिमापक धरून मर्यादा तपासली जाते, आणि ती ओलांडणाऱ्या गाडीला धावपट्टीवर उतरू देत नाहीत. शर्यतीच्या मैदानात जो न्याय विद्यार्थ्यांना मिळतो तो खरवईच्या करदात्या नागरिकाला सार्वजनिक रस्त्यावर मिळू नये, हे मला पटत नाही.

या योजनेतील खरी अडचण पैशाची आहे. एकेका नमुन्याच्या चाचणीचा खर्च मोठ्या कारखानदारास परवडेल, आर्गन वेल्डिंग करणाऱ्या आमच्या लहान कारागिरास नाही; आणि प्रमाणपत्राची अट घातली की तो बाजूला पडून मोठ्या शहरांतील आयात माल विकणाऱ्यांचे फावेल, ही भीती रास्त आहे. म्हणून लहान उद्योगांच्या संघटनेने एकत्र येऊन एक नमुना प्रमाणित करावा आणि तिच्या सभासदांनी त्याबरहुकूम माल करावा अशी मुभा हवी, आणि अशा अर्जांना शुल्काचा निराळा दर हवा. शासनाने शुल्क कमी घेतल्याने त्याचे फारसे नुकसान होणार नाही. २०२२ साली पंधरा वर्षांवरील मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क सहाशेवरून पाच हजारांवर गेले, तेव्हा जुन्या गाडीचा मालक तिजोरीत आपला वाटा आधीच टाकीत आहे. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र कारागिरांपासून दडवून ठेवल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता; तो आदेश पुढे अपिलात गेला, पण त्यातून जो प्रश्न ऐरणीवर आला तो कायमच आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली, तिच्या कक्षेत मोटारीही घेतल्या. दुरुस्तीचा हक्क हा मूळ भाग मिळेनासा झाल्यावर त्याच गुणाचा पर्यायी भाग बसविण्याच्या हक्काखेरीज अपुरा आहे, हे त्या चर्चेत अजून पुरेसे ठासून मांडले गेलेले नाही.

आणि माझ्या मागणीची हद्दही मी येथेच आखून देतो. १ एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज सहाच्या बऱ्याच गाड्यांत, आणि त्यापूर्वीच्याही कित्येकांत, कन्व्हर्टर मॅनिफोल्डला लागूनच किंवा त्याच्याशी एकजीव असतो. तेथे हेडर बसविणे म्हणजे कन्व्हर्टर काढून फेकणे होय, आणि ते करणाऱ्याची मी बाजू घेणार नाही, मग तो कितीही कुशल असो. ज्या गाड्यांत टर्बो आहे, जसे त्या अबार्थमध्ये, तेथे मॅनिफोल्डचे गणितच निराळे आणि घरच्या आवारात हात घालण्याजोगे नव्हे. सेन्सरला फसविण्यासाठी मध्ये नळीचा तुकडा घालणारे, कन्व्हर्टरच्या पोटातील जाळी फोडून बाहेरून तो शाबूत दाखविणारे, तपासणीपुरता सायलेन्सर लावून नंतर उतरविणारे, यांना कलम १९० ची पुरेपूर शिक्षा व्हावी. गृहनिर्माण संस्थांनीही पार्किंगमध्ये दुरुस्तीस सरसकट बंदी करण्याऐवजी उघड्या आवारात, दिवसाच्या ठराविक वेळात, सांडलेले तेल गोळा करण्याच्या अटीवर ती करू द्यावी. पावसाच्या गटारात इंजिनचे तेल सोडणाऱ्याला मात्र दंड करावा, कारण आमची गटारे शेवटी उल्हास नदीलाच मिळतात.

आरंभ कल्याणच्या परिवहन कार्यालयापासून व्हावा, कारण बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर ही सारी याच कार्यालयाच्या हद्दीत येतात आणि कारागीर, गाड्या व तक्रारी तिन्ही येथे एकत्र सापडतात. महिन्यातील एक दिवस केवळ अशा तपासणीसाठी राखून ठेवावा. अंबरनाथच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मोटार मेकॅनिकच्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना त्या दिवशी ध्वनिमापक व धूरतपासणीच्या यंत्रावर साहाय्यास बोलवावे, म्हणजे त्यांचेही शिक्षण होईल. सुरुवातीला कन्व्हर्टर स्वतंत्र असलेल्या, टर्बो नसलेल्या जुन्या पेट्रोल मोटारींपुरतीच ही सोय द्यावी. आणि मालकाने हेडर कोणाकडून करविला, कोठे बसविला, जुना भाग का काढला हे एका साध्या अर्जात लिहून द्यावे. मोजमापात जी गाडी नापास होईल तिच्या मालकास पंधरा दिवसांची मुदत देऊन दोष दूर करण्याचा किंवा मूळ भाग परत बसविण्याचा लेखी हुकूम द्यावा, आणि त्या मुदतीनंतरही ती रस्त्यावर सापडली तर जप्तीची कारवाई विनाविलंब करावी.